सरांच्या उघड्या पेट्या

‘पूर्वी’ हा शब्द सरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, “पूर्वी नव्हतं बाई असं ऊन,” की सर मान वर करून विचारायचे, “पूर्वी म्हणजे कधी?” समोरचा हसायचा. सर हसायचे नाहीत. “कधी, आणि कुठं? तेव्हा तुम्ही घरात होता की शेतात? कौलाखाली की पत्र्याखाली?” सांगलीत विश्रामबागेतल्या एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामाला असंच गाठलं होतं. मामा बिचारा घाम पुसत एवढंच म्हणाला होता, की यंदा लईच उकडतंय. सर त्याच्या लहानपणीच्या घराची खिडकी कुठल्या दिशेला होती ते काढून घ्यायला लागले. मामानं शेवटी एका वाढप्याच्या हातातलं मठ्ठ्याचं भांडं ओढून घेतलं आणि स्वतःच पंगतीत वाढायला निघून गेला.

गंमत अशी, की तापणाऱ्या हवेचा झाडाझुडपांवर आणि किड्यामुंग्यांवर काय परिणाम होतो, हाच विषय सर आमच्या कॉलेजात शिकवायचे. बाहेरच्या माणसाला वाटायचं, यांच्याकडे जाऊन ‘ऋतू राहिले नाहीत हो’ असं म्हटलं की स्वारी खूश होईल. व्हायचं उलटंच.

मी त्यांच्या वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी विचारलं, “पृथ्वी तापते आहे हे कुणाकुणाला माहीत आहे?” सगळे हात वर. “कसं माहीत आहे?” निम्मे हात खाली. कुणीतरी म्हणालं, पुस्तकात आहे. “पुस्तक लिहिणाऱ्याला कसं कळलं?” उरलेले हातही खाली आले.

“म्हणजे तापत नाही?” सरांनी विचारलं.

आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो.

“तापते आहे,” सर म्हणाले. “मला त्यात शंका नाही. पण तुमचा हात वर जायला अजून वर्ष आहे. फळा पुसा कुणीतरी.”

वर्षाच्या शेवटी त्यांनी माझ्या उत्तरपत्रिकेवर चांगले गुण दिले आणि गुणांशेजारी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मी विचारायला गेले. “उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले, “तुम्हाला ते कसं सापडलं, ते मात्र मला सापडलं नाही.” मला राग आला, आणि त्या रागातच मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला नाव घातलं. असं का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

माणूस एका चौकटीत बसणारा नव्हता. वर्गात धुराबद्दल बोलायचे आणि तास संपला की काळा धूर ओकणाऱ्या जुन्या स्कूटरला लाथ मारायचे. एका मुलीनं धीर करून म्हटलं, “सर, तुम्हीच असं...” सर म्हणाले, “हो, हे चूक आहे,” आणि दुसरी लाथ मारली. सांगलीच्या भर मे महिन्यात कानटोपी घालायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, “कान आहेत म्हणून.” पहिल्या वर्षाच्या पोरासोरांना ‘अहो’ म्हणायचे, गवताच्या काडीला मात्र ‘काय रं’ म्हणून हाक मारायचे.

त्यांचं गाव सातारा जिल्ह्यातल्या औंधाजवळ. थोरले दोन भाऊ फौजेत गेले. सरही भरतीला उभे राहिले होते, पण छाती भरेना म्हणून परत आले आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. वर्गातली त्यांची भाषा धुतल्या तांदळासारखी असायची. पण माळावर वाकून रोपं मोजायला लागले की तोंडातून आपोआप गावचं निघायचं. त्यांनी ‘गड्या’ म्हटलं की समजायचं, आज आकडे चांगले निघालेत.

ही मोजणी चालायची सातारा जिल्ह्यातल्या एका सड्यावर. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळाचं मैदान. उन्हाळ्यात तिथं तव्यासारखा दगड आणि पावसात बोटभर मातीतून वर आलेली फुलंच फुलं. पिवळी सोनकी, पांढरे गेंद, आणि सरांची लाडकी सीतेची आसवं, ओलसर जागी उगवणारी, नखाएवढी, निळी-जांभळी. उद्या हवा आणखी तापली तर ही फुलं लवकर येतील, उशिरा येतील की येणारच नाहीत, हे सरांना बघायचं होतं. उद्याची वाट न बघता.

त्यासाठी पेट्या लागणार होत्या. सरांनी एका कागदावर पेटीचं चित्र काढून माझ्याकडे दिलं, कारण माझ्या वडिलांचं कुपवाडला छोटं वर्कशॉप होतं. गुडघाभर उंचीच्या, आत झुकलेल्या सहा पारदर्शक भिंती. वर झाकण नाही, खाली तळ नाही. पाऊस आत पडतो, माश्या-भुंगे येतात-जातात, पण वारा अडतो, ऊन भिंतींत कोंडतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जराशी गरम राहते. पेटीतली फुलं म्हणजे उद्याची फुलं. शेजारी तेवढीच मोकळी चौकट आखायची, ती आजची. दोन्हींत रोज डोकवायचं आणि काय उमललं ते लिहायचं. एकही दिवस सुटता कामा नये.

वडिलांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. “अगं, गरम करायला पेट्या? ऊन काय कमी पडलंय व्हय आपल्याकडं?”

सर समोरच बसले होते. गंभीरपणे म्हणाले, “शेठ, प्रश्न रास्त आहे. मला जरासंच जास्त हवंय.”

“जरासं म्हंजे किती?”

“चुकून ताप आल्यासारखं वाटावं इतकं.”

वडिलांना हे गिऱ्हाईक एकदम आवडून गेलं. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या दिवशी पत्र्याची जाडी आणि भिंतींचा कोन ठरवता ठरवता ऊन कललं, तसं आईनं आतून दोनदा भांडं आपटलं. शेवटी सरांनाच पानावर बसवलं. पारदर्शक प्लास्टिकच्या जाड पत्र्यांच्या पेट्या कुपवाडात तयार झाल्या आणि टेंपोतून सड्यावर गेल्या.

सड्याच्या कडेला एकच घर होतं, तानूबाईंचं. बाकीची वाडी ओढ्यापलीकडे, खालच्या अंगाला. वाडीतली तरणी माणसं फौजेत नाहीतर पुण्यात. तानूबाईंचे मालक सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पण काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून खाटेवर. डावं अंग गेलेलं, आवाज मात्र परेड मैदानावरचा. तानूबाईंच्या दोन म्हशी होत्या, आणि सडा हे त्या म्हशींचं वडिलोपार्जित कुरण. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सरांचं आणि तानूबाईंचं वाजलं.

दुसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला. तानूबाई पदर खोचून आल्या. “मास्तर, तुमच्या ह्या पेट्यांनी पाऊस अडीवला.”

मी हसले. सर हसले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, “तुम्हाला हे कशावरून वाटलं?”

“कशावरनं म्हंजे? पेट्या आल्या आन् पाऊस थांबला. दिसतंय की.”

“शेजारच्या गावात बघितलं का? तिथं पेट्या नाहीत.”

तानूबाई तरातरा निघून गेल्या. थोड्या दिवसांनी माहेरी जाऊन आल्या आणि लांबूनच ओरडल्या, “तिकडं बी न्हाई पाऊस! म्हंजे तुमी न्हाई, दुसरंच कायतरी हाय!”

सर इतके आनंदले की त्यांनी कानटोपी काढली. “बघितलंत? मोकळी चौकट तपासून आल्या,” ते मला म्हणाले. तानूबाईंचा सरांवरचा राग मात्र कमी झाला नाही. पावसाचं बालंट गेलं, म्हशींचं राहिलं.

आता त्या पावसाळ्याचं सांगते. माझ्या कामाचं ते शेवटचं वर्ष होतं. आधीच्या हंगामांत पेटीतली फुलं मोकळ्या फुलांच्या आधी येताना दिसत होती, पण सर ‘दिसतात’ या शब्दावर समाधानी नव्हते. आणखी एक हंगाम मिळाला की ठामपणे म्हणता आलं असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस धरला तो सुटेना. आम्ही वाडीतल्या शाळेच्या खोलीत राहायचो आणि रोज सकाळी ओढा ओलांडून वर यायचो. त्या सकाळीही आलो. सीतेची आसवं कळ्यांवर होती. फूल अजून एकही नव्हतं. आम्ही वर पोचलो आणि मागं ओढ्याचं पाणी वाढलं. परत जायची वाट बंद झाली.

वारा असा होता की सरळ उभं राहता येत नव्हतं. अचानक मोठा आवाज झाला. तानूबाईंच्या घराच्या एकुलत्या खोलीवरचे पत्रे एकामागून एक उचलले गेले आणि पत्त्यांसारखे दरीत उतरले. नुसते वासे राहिले. तानूबाई डोक्यावर घोंगडं घेऊन धावत आल्या.

“मास्तर, आवं पत्रं गेलं! मालक भिजाय लागल्यात! उचलून कुठं न्यावं?”

न्यायला जागा नव्हती. गोठ्याचं छप्पर आधीच बसलेलं. ताडपत्री बांधून ठेवलेली होती, ती पत्र्यांबरोबरच गेलेली. ओढ्यात उतरणं म्हणजे जीव देणं. सरांनी एकदा घराकडं बघितलं, एकदा पेट्यांकडं बघितलं आणि पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला.

मला कळलं, आणि मी म्हटलं, “सर, या काढल्या तर माझं वर्ष गेलं.”

“हो,” ते म्हणाले. “गेलं.”

एवढंच. समजूत नाही, काही नाही. मी चिडून पहिल्या पेटीशी बसले आणि नट सैल करायला लागले, तोच सर ओरडले, “थांबा! आधी नोंद घ्या.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण सर खरंच गुडघ्यांवर बसले होते आणि पेटीत डोकं घालून कळ्या मोजत होते. मला आकडे सांगत होते. मी पावसात चालणाऱ्या पेन्सिलीनं लिहीत होते. इकडे एक माणूस खाटेवर भिजतोय आणि हे कळ्या मोजतायत!

“आवं मास्तर,” तानूबाई किंचाळल्या, “माणूस भिजतोय की!”

“आलो. एवढी चौकट झाली की आलो.”

“चौकट? तुमच्या चौकटीला आग लागली!”

“लागू दे. चार कळ्या, एक वाकडी. लिवा.”

‘लिहा’ नाही, ‘लिवा’. एकेका पेटीची शेवटची नोंद घ्यायची, मग ती खोलायची, अशा क्रमानं आम्ही गेलो. एकही पेटी त्यांनी नोंदीशिवाय खोलू दिली नाही. आणि एकही पेटी ठेवलीही नाही. त्या वेळी मला त्यांच्या या दोन्ही गोष्टींचा सारखाच संताप आला होता. अजूनही यातली कोणती खरे सर होती, ते मी ठरवू शकलेले नाही.

घरात सुभेदार खाटेवर उताणे पडून वरून येणारा पाऊस झेलत होते. आम्हाला पत्रे घेऊन वाशांवर चढताना बघितलं आणि त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. “ए मास्टर! नीचे से शुरू करो! खालचा पत्रा पयला, वरचा त्याच्यावर! पाणी उतरतं कुठनं, वरनं का खालनं?”

“यस सर,” सर वरून म्हणाले.

“ढिला बांधू नका! कसके!”

“यस सर!”

भरतीतून परत आलेला माणूस असा पन्नाशीत पहिल्यांदा हुकूम पाळत होता, आणि मन लावून पाळत होता. पेटीचे पत्रे तिरके कापलेले, त्यामुळे एक सुलटा, एक उलटा असे जोडावे लागले. म्हशींची दावी सोडून तानूबाईंनी दिली. त्यांनी आम्ही बांधलेल्या गाठी सोडून पुन्हा स्वतः बांधल्या. वर दगड ठेवले. सगळी खोली झाकली गेली नाही, पण खाटेवरचा कोपरा आणि चूल झाकली गेली. आम्ही चौघं त्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलो. तानूबाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, “चौकटीला आग लागली म्हनले, ते मनावर घिऊ नगा.”

“नाही घेतलं,” सर म्हणाले. “वाकड्या कळीचं मात्र वाईट वाटलं.”

तानूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

ओढा उतरल्यावर आम्ही खाली आलो तेव्हा कळलं, सांगलीत कृष्णेचं पाणी वस्तीत शिरलंय. आमचं घर विश्रामबागेत, ते कोरडं होतं. वडिलांनी वर्कशॉपमधली यंत्रं भिंतीला सरकवून पूरग्रस्त कुटुंबं आत घेतली होती. त्या गर्दीत त्यांनी मला बघितलं आणि पहिलं विचारलं, “पेट्या टिकल्या का गं?”

“टिकल्या,” मी म्हटलं, “पण सड्यावर नाहीत.” आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता लेकीच्या वाया गेलेल्या वर्षाबद्दल बोलतील. तर ते म्हणाले, “पण तिरका कापलेला पत्रा छपराला बसवला कसा त्यांनी? ते गळणारच की.”

पाणी ओसरल्यावर एक वार्ताहर कॉलेजात आला. सरांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. “सर, हा पूर हवामानबदलामुळंच आला ना?”

“मी ते मोजलेलं नाही,” सर म्हणाले.

“पण तुमचा प्रयोगच गेला की त्या पावसात!”

“प्रयोग पावसानं नाही नेला. मी काढला.”

वार्ताहर वही मिटून गेला. पुढच्याच आठवड्यात गावातल्या एका सभेत पाहुण्यांनी भाषण ठोकलं, की हे तापमानबिपमान सगळं परदेशी लोकांचं थोतांड आहे, पाऊस आधीपासून असाच. सर मागच्या रांगेतून उठले आणि मोठ्यानं म्हणाले, “हे खरं नाही.” सभेत गोंधळ झाला. तो वार्ताहर तिथंही होता. बाहेर त्यानं सरांना अडवलं. “साहेब, एकदा नाही म्हणता, एकदा हो म्हणता. नक्की काय लिहू?”

“मी दोन्ही वेळा एकच सांगितलं,” सर म्हणाले. “हवा तापते आहे, हे मोजलेलं आहे. हा एक पाऊस त्यामुळंच पडला का, ते मी मोजलेलं नाही. मोजलं की सांगतो.”

वार्ताहरानं काहीच लिहिलं नाही. त्याला मी दोष देत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी होते, आणि मलाही त्या दिवशी वाटलं होतं की एकदाचं ‘हो’ म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या हंगामात मोकळ्या चौकटींच्या नोंदी आम्ही घेतल्या, पण तुलनेला पेट्या नव्हत्या. दिवाळीनंतर सर मला घेऊन तानूबाईंकडं गेले. पाऊस संपला होता, आता पत्रे परत मागायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेट्या उभ्या करायच्या असा बेत होता. सरांनी मोठ्या संकोचानं विषय काढला.

सुभेदार म्हणाले, “नहीं दूंगा.”

“अहो, नवे लोखंडी पत्रे आणून बसवून देतो.”

“आवं मास्तर,” सुभेदारांचा आवाज एकदम खाली आला. “इतकी वर्सं कौलारू आढं बघत पडलो. पत्रं आलं, मग पत्रं बघत पडलो. आता आभाळ दिसतंय. घार दिसती. ते काढून न्यायचं म्हनता व्हय?”

सर वर बघायला लागले. पारदर्शक पत्र्यांतून खरंच आभाळ दिसत होतं, जरा धुरकट. मग सर मला म्हणाले, “शेठना विचारा, पुन्हा करून देतील का.” वडिलांनी दिल्या. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात प्रयोग पुन्हा सुरू झाला, पण मधला हंगाम गेला तो गेलाच. माझं कामही लांबलं.

त्याआधी उन्हाळा आला. एप्रिलमध्ये तानूबाईंनी शाळेतल्या गुरुजींच्या फोनवरून निरोप धाडला, की मास्तरांना म्हणावं ताबडतोब या. आम्ही गेलो. तानूबाई दारातच उभ्या होत्या.

“तुमी आमाला पेटीत घातलंय! आत या, शिजून निघाल. फुलं गरम करायचं पत्रं ते, मानसं शिजवत्यात!”

सर आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा ओशाळला होता. त्यांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, रुमाल काढतील. त्यांनी तापमापक काढला आणि परत आत गेले.

तानूबाईंनी कपाळावर हात मारला.

मोजून झाल्यावर मात्र सर थेट छपरावर चढले. मी खालून गवताच्या पेंढ्या दिल्या, त्या त्यांनी पत्र्यांवर अंथरल्या आणि दोरीनं आवळल्या. सुभेदार आतून हुकूम देत होते: “खिडकी छोड दो! घार दिसली पाहिजे!” खाटेच्या नेमकं वर हातभर जागा मोकळी ठेवली. दुपारभर त्या उन्हात, कानटोपी घालून, सर छपरावर होते. उतरल्यावर तानूबाईंनी ताक दिलं. ते पिताना सर मला हळूच म्हणाले, “आत बराच फरक होता. पेटीपेक्षा जास्त.” त्यांच्या डोळ्यांत अपराधीपण होतं आणि त्याच वेळी चमकही होती.

शेवटी माझा प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेला सभागृहात बरीच मंडळी होती. बाहेरगावचे परीक्षक चांगले होते, पण काटेकोर. त्यांनी पानं उलटून विचारलं, “एका हंगामात पेट्यांचे आकडे नाहीत. तुम्ही लिहिलंय, ‘संशोधकांनी पेट्या काढल्या.’ का काढल्या, ते लिहिलेलं नाही.”

ते वाक्य सरांचं होतं. मी लांबलचक परिच्छेद लिहिला होता, सरांनी तो सगळा खोडून तीन शब्द ठेवले होते. “आपण काय केलं तेवढं लिहा,” म्हणाले होते. आता सगळ्यांसमोर सुभेदार, तानूबाई, म्हशींची दावी, हे सगळं कुठून सुरू करायचं?

सर मार्गदर्शक म्हणून बाजूला बसले होते. ते उठले. “त्या वर्षी त्या पेट्यांखाली माणसं होती,” ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. परीक्षकांनी चष्मा काढला. “म्हणजे माणसांवर प्रयोग केलात?”

“नाही,” सर म्हणाले. मग थांबले. खोटं त्यांच्या तोंडून निघत नसे. “म्हणजे करायचा नव्हता. उन्हाळ्यात तो झाला.”

पुढं बराच वेळ खुलासे झाले. सगळं ऐकून परीक्षक चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, की एक हंगाम नसल्यामुळं निष्कर्ष सौम्य शब्दांत मांडा. तसं मी मांडलं. मला पदवी मिळाली. सरांच्या इतक्या वर्षांच्या कामावर मात्र तो डाग राहिला. मोठ्या नियतकालिकानं तो लेख घेतला नाही. सलग नोंदी नाहीत म्हणून परत पाठवला. सरांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले.

तोंडी परीक्षेच्या त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. औंधची गाडी लागायची होती. सगळे दिवसभर माझं अभिनंदन करत होते, आणि येणारा जाणारा सरांना म्हणत होता, तुम्ही फार मोठं काम केलंत, माणसं वाचवलीत. सर नुसती मान हलवत होते. बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, “सर, आज तरी सांगा. तेव्हा आपण केलं ते बरोबर केलं ना?”

मला वाटलं, आता विचारतील, बरोबर म्हणजे काय? पण त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि गावच्या भाषेत बोलायला लागले. माझ्याशी असं ते कधीच बोलले नव्हते.

“सुभेदार भिजत व्हतं. दुसरं काय करनार व्हतो आपुन? पुन्हा तसं झालं तर पुन्हा काढीन. पर खरं सांगू का? त्या साली पेटीतलं फूल कवा उमललं असतं, ते आता कुनालाच कळायचं न्हाई. कितीबी वर्सं मोजलं तरी न्हाई. लोक म्हनत्यात चांगलं झालं. मला तसं म्हनवत न्हाई. वाईट बी झालं की न्हाई?”

मी म्हटलं, “व्हय सर. वाईट बी झालं.”

“हां,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले. “एवढंच कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.”

गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि शेजारच्या माणसाशी लगेच बोलायला लागले. गाडी हलली तरी ते त्याला काहीतरी विचारतच होते.